पाढे पाठ आहेत, मग उदाहरण का अडतं?

वाचकांचे प्रश्न : शिष्यवृत्तीचं गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी

या वेळची बहुतेक पत्रं महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल आहेत. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होत आली. ती पुन्हा चौथी आणि सातवीला घ्यायचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्यामुळे चौथीच्या पालकांचीही पत्रं बरीच आली आहेत. पेपरचा आराखडा असा आहे. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक पेपर दीड तासाचा आणि १५० गुणांचा.

प्रश्न : मुलीचे तीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत. गुणाकार, भागाकार चुकत नाहीत. पण शाब्दिक उदाहरण आलं की “बेरीज करू की वजाबाकी?” असं विचारते. रोज २५ उदाहरणं सोडवून घेते, तरी फरक नाही. (पाचवीतल्या मुलीची आई, बार्शी)

“बेरीज करू की वजाबाकी” या प्रश्नातच दुखणं आहे. मुलगी गोष्ट वाचत नाही, त्यातले आकडे उचलते आणि त्यांचं काय करायचं ते शोधते. याला बऱ्याचदा आपली शिकवणीच कारणीभूत असते. “एकूण आलं की बेरीज, जास्त आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी” अशी यादी आपण दुसरी-तिसरीत पाठ करून घेतो. मग हे उदाहरण बघा : “रमाकडे ४५ रुपये आहेत. ते सलमाकडच्या पैशांपेक्षा १२ रुपयांनी जास्त आहेत. सलमाकडे किती?” ‘जास्त’ दिसलं की मूल ५७ लिहून मोकळं होतं. उत्तर ३३ आहे. इथे दोन आडव्या पट्ट्या काढायला लावा, लांब पट्टी रमाची, आखूड सलमाची, आणि जो भाग पुढे गेला त्यावर १२ लिहायचं. पट्टी काढताना कोणाकडे जास्त हे ठरवावंच लागतं, आणि तिथेच गाठ सुटते.

यादी सोडून द्या आणि रोजची २५ उदाहरणं पाचावर आणा. त्या पाचांपैकी प्रत्येक उदाहरण मुलीने आधी तोंडी सांगायचं : कोण आहे, काय घडलं, विचारलंय काय. पेन्सिल तोवर खालीच. पुस्तकातलीच भाषा तिने पुन्हा म्हटली तर समजा अजून कळलेलं नाही. स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर पुढे जा. मग चित्र, मग अंदाज, मग आकडेमोड. उत्तराचे चार पर्याय एवढा वेळ फूटपट्टीखाली झाकून ठेवा.

पर्याय का झाकायचे, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. “६० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दर ५ मीटरवर एक झाड लावलं. एकूण झाडं किती?” पर्याय असे : १२, १३, २४, २६.

६० भागिले ५ म्हणजे १२. मूल पर्यायांत बघतं, १२ सापडतं, उत्तरपत्रिकेवर त्याचा गोल काळा. पण १२ ही झाडांमधली अंतरं झाली. झाडं त्याहून एकाने जास्त, म्हणजे १३. ज्याला हे सुचलं पण ‘दोन्ही बाजूंना’ सुटलं, तो १३ वर थांबतो. ज्याने दोन्ही बाजू धरल्या पण ते एक झाड विसरला, तो २४ वर. बरोबर उत्तर २६. म्हणजे चुकीचे तीन पर्याय तीन ठरावीक चुकांवरूनच तयार केलेले आहेत. आपलं उत्तर पर्यायात दिसतंय, याचा अर्थ ते बरोबर आहे असा होत नाही.

“एक मिळवायचा” हा नियम मात्र पाठ करून घेऊ नका. उदाहरण लहान करायला शिकवा. रस्ता १० मीटरचा असेल तर? दोन अंतरं, तीन ठिपके. दिसलं. आता तोच रस्ता गोल वळवून तळ्याभोवती न्या : पहिलं आणि शेवटचं झाड एकच होतं, म्हणून ६० मीटरच्या गोल वाटेवर झाडं १२ च. दोरीचे १२ तुकडे करायचे तर कापावं ११ ठिकाणी लागतं. तिन्ही प्रश्न एकाच दिवशी शेजारी शेजारी सोडवून घ्या आणि फरक तिच्याकडून वदवून घ्या. नियम पाठ असलेलं मूल तळ्याभोवती हमखास १३ झाडं लावतं.

प्रश्न : घरी सगळं येतं, पण वेळ लावला की शेवटचे १५ प्रश्न राहून जातात. वेग कसा वाढवायचा? (वडील, नाशिक)

७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे सरासरी ७२ सेकंद. पण सगळ्या प्रश्नांना सारखाच वेळ द्यायचा नसतो. भाषेचे किंवा इंग्रजीचे २५ प्रश्न २० मिनिटांत झाले, तर उरलेल्या ५० प्रश्नांना ७० मिनिटं मिळतात. म्हणजे प्रत्येकी ८४ सेकंद. त्यातले बरेच ३० सेकंदांत होतात आणि काही दोन मिनिटं खातात.

वेळ खरा जातो तो एकाच प्रश्नावर अडून बसण्यात, हाताच्या गतीचा त्यात फारसा दोष नसतो. दोनदा वाचूनही सुरुवात सुचली नाही तर प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाभोवती गोल करून पुढे जायचं, हे घरीच अंगवळणी पाडा. हुशार मुलांना हेच सगळ्यात जड जातं. त्यांना प्रश्न सोडणं म्हणजे हरणं वाटतं. पहिल्या फेरीत येणारे सगळे, दुसऱ्या फेरीत गोल केलेले, आणि शेवटची पाच मिनिटं कोरे राहिलेले भरायला. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

एक धोका मात्र आहे. २३ वा प्रश्न सोडला आणि २४ चं उत्तर २३ च्या ओळीत काळं केलं, की तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. म्हणून प्रत्येक वेळी मनात “चोवीस, पर्याय तीन” असं म्हणत गोल काळा करायचा आणि दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायचा. गोल पेनाने काळे करायचे असतात, खोडायची सोय नसते. सराव पेन्सिलीने करून परीक्षेत पहिल्यांदा पेन हातात देऊ नका.

प्रश्न : आमची दोन शिक्षकी शाळा आहे. शिष्यवृत्तीला १४ मुलं बसणार आहेत. दिशा, आरशातली प्रतिमा, फासा हे घटक फळ्यावर कितीही समजावले तरी डोक्यात उतरत नाहीत. साधनं फारशी नाहीत. (जिल्हा परिषद शिक्षिका, जव्हार तालुका)

बाई, हे तिन्ही घटक फळ्यावर समजतच नाहीत, यात तुमचं काही चुकत नाही. हे आधी हातापायांना कळावे लागतात.

दिशांसाठी अंगण वापरा. चुन्याने मोठा अधिक काढून चार टोकांना दिशा लिहा. खरी उत्तर असेल तिकडेच उत्तर लिहा. आता हे उदाहरण पावलांनी चालवून घ्या : “अमोल उत्तरेकडे ४ मीटर गेला, उजवीकडे वळून ३ मीटर, पुन्हा उजवीकडे वळून ४ मीटर आणि मग डावीकडे वळून ५ मीटर गेला. तो आता कुठे आहे?” दुसऱ्या उजव्या वळणानंतर अमोलचं तोंड दक्षिणेला आहे. दक्षिणेकडे तोंड केलेल्याची डावी बाजू म्हणजे पूर्व. म्हणून तो निघालेल्या जागेपासून पूर्वेला ३ अधिक ५, म्हणजे ८ मीटरवर पोचतो. कागदावर सोडवणारं मूल मात्र वहीच्या डाव्या बाजूला ५ मीटर रेघ ओढतं आणि उत्तर काढतं “पश्चिमेला २ मीटर”. हा पर्यायही बहुतेक वेळा दिलेला असतो.

अंगणातून वर्गात आल्यावर एकच युक्ती पुरते : माणूस वळला की वही वळवायची. पेन्सिलीचं टोक नेहमी आपल्यापासून पुढे चालत गेलं पाहिजे, मग उजवं-डावं आपोआप आपल्याच हाताचं राहतं. दोन आठवड्यांत वही न वळवताही जमू लागतं. सावलीची उदाहरणं सकाळच्या परिपाठाच्या वेळीच घ्या : सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. “माझी सावली माझ्या उजव्या हाताला पडली, तर माझं तोंड कुठे?” पश्चिम उजवीकडे आली, म्हणजे तोंड दक्षिणेला. उभं राहून दहा सेकंदांत कळतं.

आरशासाठी आरसाही लागत नाही. पातळ कागदावर ठळक अक्षरं किंवा घड्याळ काढा, कागद उलटा करून खिडकीला लावा. मागून दिसतं ती आरशातली प्रतिमा. पाण्यातल्या प्रतिमेसाठी तोच कागद वरून खाली उलटवा. घड्याळाची आरशातली वेळ काढायला ११:६० मधून वजा करतात. ३:४० ची प्रतिमा ८:२० दिसते. ही युक्ती जरूर शिकवा, पण कागद उलटवून झाल्यावर. आधीच शिकवली तर मुलं पाण्यातल्या प्रतिमेलाही तीच लावतात.

फासा साबणाच्या किंवा औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा. बाजू ४ सेंटिमीटर, सहा चौरसांची आकृती कापून दुमडायची, पण चिकटवायची नाही. उघडता-मिटता आला पाहिजे, कारण ‘ही आकृती दुमडल्यावर कोणता फासा होईल’ हाही प्रश्न असतो. आता प्रश्न : “एका फाशाच्या दोन स्थिती दिल्या आहेत. एकीत २, ४, ५ दिसतात, दुसरीत २, ३, ६. २ च्या विरुद्ध पृष्ठावर कोणता अंक?” २ च्या शेजारी ४, ५, ३, ६ आले. शेजारच्या चार बाजू भरल्या, उरला १, तोच विरुद्ध. लुडो खेळणारी मुलं मात्र पटकन ५ म्हणतात, कारण खेळातल्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते. पण इथे २ आणि ५ एकाच स्थितीत दिसतायत, म्हणजे ते शेजारी आहेत. परीक्षेतला फासा ७ चा नियम पाळेलच असं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

१४ मुलांचे सात जोड करा. जोडीतल्या एकाने सोडवायचं, दुसऱ्याने फक्त “का?” विचारायचं, मग अदलाबदल. तुम्ही दुसऱ्या वर्गात असलात तरी हे चालू राहतं.

प्रश्न : आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे) म्हणत मोठे झालो. नातवाला शिकवू का? सूनबाई म्हणतात, अभ्यासक्रमात नाही तर कशाला. (आजोबा, सातारा)

शिकवा, पण थोडं. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, जायची गरज नाही. पावकी, निमकी आणि पाऊणकी वीसपर्यंत पुरे. “तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन” हे कानात बसलं की अपूर्णांकांची भीती जाते, आणि पुढे २५ आणि ७५ टक्के काढायला कागद लागत नाही.

त्याहून मोठी गरज शब्दांची आहे. घरी ‘टू फॉर्टी फाइव्ह’ ऐकणाऱ्या मुलांना पावणेतीन कळत नाही, आणि पावणेतीनशे म्हटलं की ती ३२५ लिहितात. पावणे म्हणजे पावाने उणे, हे एकदा फोडून सांगा : पावणेतीनशे २७५, सव्वातीनशे ३२५, साडेतीनशे ३५०, अडीच हजार २५००. बाजारात जाताना विचारा, “पावणेदोन किलो साखर आणली, सव्वा किलोचे लाडू झाले, किती उरली?” १७५० ग्रॅममधून १२५० गेले, अर्धा किलो उरली.

वेळेच्या वजाबाकीवर मात्र लक्ष ठेवा. ७:५० ला सुटलेली एसटी १०:४५ ला पोचली. उभी मांडणी करून मुलं हातचा शंभराचा घेतात आणि उत्तर येतं २ तास ९५ मिनिटं. तासाची मिनिटं साठ, हे माहीत असूनही हात सवयीने जातो. त्यापेक्षा उड्या मारायला लावा : ७:५० ते ८ दहा मिनिटं, ८ ते १० दोन तास, पुढे ४५ मिनिटं. एकूण २ तास ५५ मिनिटं.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. नातेसंबंधाच्या प्रश्नांत गडबडतो. (आई, ठाणे)

इंग्रजीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे ‘अंकल’. म्हणून त्याला विचार मराठीत करू द्या, मराठी नात्यातच बाजू कळते. घरच्याच माणसांचा तक्ता काढा : नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, मुलं त्याखाली. प्रश्न वाचताना सुरुवात ‘माझ्या’पासून करायची. “ही माझ्या वडिलांच्या आईची एकुलती एक सून,” असं सुमित म्हणाला. सुमित, त्याचे वडील, वडिलांची आई म्हणजे आजी, आजीची एकुलती सून म्हणजे सुमितची आई. ‘ही’ कोण ते आधी शोधायला गेलं की गुंता होतो. ‘एकुलती एक’ हे शब्द अधोरेखित करायला लावा, उत्तर त्यांवरच टिकून असतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. मुलगी सहाव्या इयत्तेत आहे, मे महिन्यात सॅट्स (इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या परीक्षा) आहेत. आकडेमोडीच्या पेपरात छान गुण मिळतात, पण रीझनिंगच्या (तर्काच्या) पेपरात कमी पडते. भारतातून शिष्यवृत्तीची पुस्तकं मागवू का? (वडील, रेडिंग)

पुस्तकांमुळे विचाराला धार येईल, पण कमी पडतंय ते वेगळं आहे. तुमच्याकडे आकडेमोडीचा पेपर ३० मिनिटांचा, ४० गुणांचा. रीझनिंगचे दोन, प्रत्येकी ४० मिनिटांचे आणि ३५ गुणांचे. एकूण ११०, त्यातले ७० रीझनिंगचे. कॅल्क्युलेटर कुठेही नाही. गुणांचं रूपांतर पुढे ८० ते १२० च्या मापात होतं आणि १०० ही अपेक्षित पातळी.

शिष्यवृत्तीत गोल काळा झाला की संपलं. सॅट्समध्ये मात्र “तुला हे कसं कळलं ते लिही” असं विचारतात, आणि दोन गुणांच्या प्रश्नात शेवटचं उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर दिसली तर एक गुण मिळू शकतो. मनात झटपट करणाऱ्या मुलांचा तोटा इथेच होतो. मनातलं मांडायची सवय आपल्याकडच्या पर्यायी प्रश्नांच्या पुस्तकांतून लागत नाही.

समजा प्रश्न आहे : “एक मुलगा म्हणतो, ८ हा ६ पेक्षा मोठा, म्हणून एक-अष्टमांश हा एक-षष्ठांशापेक्षा मोठा. तो चुकतोय, कसा?” “कारण एक-षष्ठांश मोठा आहे” या उत्तरात कारण काहीच नाही. “एकाच वस्तूचे आठ सारखे भाग केले तर प्रत्येक भाग सहा भागांपैकी एका भागापेक्षा लहान येतो” हे कारण झालं. आणि ‘नेहमी’ शब्द असलेलं विधान खोडायला एकच उदाहरण पुरतं. “सम संख्येचा अर्धा नेहमी सम असतो”? १४ चा अर्धा ७. एवढं लिहायचं आणि थांबायचं, लांबण लावायची नाही.

घरी मराठीत बोलत असाल तर चर्चा मराठीतच करा. आईवडिलांपैकी एकाने मुद्दाम चुकीचं विधान करावं, मुलीने ते खोडावं. मग तेच तिने दोन वाक्यांत इंग्रजीत लिहायचं. बोलताना स्पष्ट झालेलं लिहायला अवघड जात नाही.

प्रश्न : आठवड्याला किती सराव पत्रिका सोडवून घ्याव्यात? क्लासमध्ये चार घेतात. मुलगा कंटाळलाय, गुणही तिथेच अडकलेत. (आई, लातूर)

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकही पूर्ण पत्रिका नको, फक्त घटकवार सराव. त्यानंतर आठवड्याला एक, शेवटच्या महिन्यात फार तर दोन. पत्रिकेने आपण कुठे आहोत ते कळतं, शिकणं होतं ते चुकांवर परत बसल्याने. चार पत्रिका सोडवल्या तर चुकांवर बसायला वेळच उरत नाही, म्हणून गुण अडकतात.

चुकांची एक वेगळी वही करा. चुकलेला प्रश्न कापून चिकटवा आणि शेजारी चारपैकी एक अक्षर लिहा : ‘वा’ म्हणजे चुकीचं वाचलं, ‘क’ म्हणजे कल्पनाच कळली नव्हती, ‘आ’ म्हणजे आकडेमोड, ‘न’ म्हणजे नोंदीत घोळ, उत्तर माहीत असून दुसराच गोल काळा केला. हे अक्षर मुलानेच ठरवायचं. महिन्याभरात दिसेल की एखादं अक्षर इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. ‘क’ जास्त असतील तर पुन्हा शिकवावं लागेल. ‘वा’ जास्त असतील तर उदाहरण तोंडी सांगण्याचा सराव वाढवा. ‘आ’ साठी रोज दहा मिनिटं तोंडी हिशोब पुरतो, आणि ‘न’ साठी वर सांगितलेलं क्रमांक ताडणं.

वहीत बरोबर उत्तर लिहून ठेवू नका. तोच प्रश्न तीन दिवसांनी आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवायला द्या. दोन्ही वेळा बरोबर आला आणि का ते सांगता आलं, की मुलाने स्वतःच्या हाताने त्या प्रश्नावर तिरपी रेघ मारायची. आणि बैठक ४० मिनिटांची झाली की, मधलं उदाहरण अर्धं राहिलं तरी, वही मिटून त्याला खेळायला जाऊ द्या.